प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर लघवीवर ताबा कसा मिळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातून जे काका-मामा प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन करून घरी परततात, ते आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमच्या पोटात काय केलंय ते त्यांनी पाहिलेलं असतं.

ऑपरेशन यशस्वी झालं म्हणतात, मग लघवी का गळते?

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी खाली, लघवीच्या नळीला चहूबाजूंनी वेढून बसलेली असते. कॅन्सरसाठी ती अख्खी काढतात आणि मूत्राशयाचं तोंड खाली ओढून उरलेल्या नळीला टाके घालून जोडतात. लघवी अडवणाऱ्या झडपा दोन. वरची आपोआप काम करते, ती या ऑपरेशनमध्ये बहुतेक निकामी होते. खालची झडप तुमच्या हुकमातली, ती शिल्लक राहते. इतकी वर्षं दोघींनी मिळून केलेलं काम आता तिला एकटीला करायचं असतं, तेही सूज आणि टाक्यांच्या शेजारी राहून. म्हणून खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की गळते.

हे झालं एक दुखणं. दुसरं दुखणं मूत्राशयाचं. आधी कित्येक वर्षं प्रोस्टेटने वाट अडवलेली असेल तर जोर लावून लावून मूत्राशयाची भिंत जाड आणि चिडकी झालेली असते. त्यात ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेल्या नळीची (कॅथेटरची) भर पडते. मग थोडी लघवी साचली तरी ते आवळायला लागतं, आणि माणूस मोरीकडे धावत सुटतो. सैल झडपेला व्यायाम लागतो आणि चिडक्या मूत्राशयाला शिस्त. पुष्कळांना दोन्ही लागतं, पण कोणाला कशाची गरज जास्त हे ओळखल्याशिवाय सुरुवात केली तर दोन-तीन महिने फुकट जातात.

गळतंय म्हणजे कॅन्सर परत आला का?

नाही. गळतीचा आणि कॅन्सर परतण्याचा तसा संबंध नाही. कॅन्सरचा माग रक्तातल्या पीएसए तपासणीवरून ठेवतात; पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. ग्रंथी पूर्ण काढल्यावर तो आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. ती तपासणी ठरलेल्या तारखेला करा आणि लघवीचा प्रश्न वेगळा हाताळा.

आमच्या गल्लीतल्या एकाचंही प्रोस्टेटचंच ऑपरेशन झालं. तो आठ दिवसांत पॅडशिवाय फिरायला लागला. आमचंच काय बिघडलं?

त्यांचं बहुधा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून झालं असेल. वयोमानाने वाढलेली, कॅन्सर नसलेली गाठ आतून खरवडून काढतात आणि ग्रंथीचं कवच तसंच राहतं. तुमची ग्रंथी मुळासकट गेली आहे. दोन्हींना लोक ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’च म्हणतात, पण या दोघांची तुलना होऊच शकत नाही. पूर्ण ग्रंथी काढल्यावर नळी काढल्या दिवशी गळती होणं हे नेहमीचं. बहुतेकांची ती तीन ते बारा महिन्यांत हळूहळू आटोक्यात येते. रोबोटने केलं म्हणून गळणारच नाही, असंही नसतं.

सुधारणेचा एक क्रम बहुतेकांत दिसतो. आधी रात्र कोरडी होते, कारण आडवं पडल्यावर झडपेवर भार नसतो. मग सकाळ. संध्याकाळ सगळ्यात शेवटी, कारण दिवसभर राबून तो स्नायू थकतो. त्यामुळे ‘सकाळी बरा असतो, पाचनंतर वाट लागते’ ही तक्रार ऐकली की मला काळजी वाटत नाही. गाडी रुळावर आहे असंच मी समजते.

ब्लॅडर ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय?

लघवीला जायची वेळ तुम्ही ठरवायची, मूत्राशयाने नाही. धडधाकट माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली लघवी मावते. दीडशे-दोनशेच्या आसपास पहिली जाणीव होते, ती ‘लक्षात ठेव’ एवढंच सांगत असते, ‘आत्ता जा’ असं नाही. ऑपरेशननंतर एकदा चारचौघांत धोतर किंवा पँट ओली झाली की माणूस घाबरतो आणि पहिल्या जाणिवेलाच उठायला लागतो. पुढे जाणीव व्हायची वाटही पाहत नाही. बाजाराला निघायच्या आधी, जेवायच्या आधी, पाहुणे यायच्या आधी, ‘जरा जाऊन येतो’. सत्तर-ऐंशी मिलीला रिकामं व्हायची सवय लागलेलं मूत्राशय मग शंभराला बोंब मारतं. स्नायू सुधारला तरी ही भीतीची सवय मागे राहते, आणि ती आपणहून जात नाही. ट्रेनिंग म्हणजे ही सवय मोडणं. ठरलेल्या वेळेलाच जायचं, मधली घाई परतवायची आणि दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं.

माझं मत विचाराल तर, आमच्याकडे येणाऱ्यांचं निम्मं नुकसान झडपेने नाही, या ‘जाऊन येतो’ने केलेलं असतं.

नळी काढली की दुसऱ्या दिवसापासून सुरू करू का?

नको. नळी साधारण एक ते दोन आठवडे असते. ती आत असताना झडपेचे व्यायामसुद्धा करायचे नाहीत. नळी निघाल्यावर डॉक्टरांनी होकार दिला की हलके व्यायाम सुरू. घड्याळाचं ट्रेनिंग त्यानंतर, म्हणजे निदान तासभर तरी काही लघवी आत टिकायला लागली की. सगळीच गळून जात असेल तर मूत्राशयात काही साचतच नाही. अशा वेळी ‘धरून ठेवा’ म्हणण्यात अर्थ नाही, आधी झडप मजबूत करावी लागते. तोवर दिवसा दर दोन तासांनी शांतपणे जाऊन या.

त्याआधी दोन तपासण्या झालेल्या असाव्यात. एक लघवीची, जंतुसंसर्ग नाही ना हे बघायला. दुसरी सोनोग्राफी, लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते ते मोजायला. मूत्राशय नीट रिकामं होत नसेल आणि वरून तुंबून गळत असेल, तर लघवी रोखून धरणं अपायकारक आहे. गळती दोन्हीकडे सारखीच दिसते, पण इलाज उलटा. साखरेची तपासणीही करून घ्या. डायबेटीस वर असेल तर लघवी जास्तच होणार, त्याला ट्रेनिंग काय करणार?

वही लिहायला सांगितली आहे. त्यात काय लिहायचं?

तीन दिवस पुरतात. एक मापाचं प्लास्टिकचं भांडं मोरीत ठेवा, त्यावर मिलीच्या खुणा हव्यात. किती वाजता गेलात, किती झाली, तेव्हा घाई होती का, कपडा किंवा पॅड ओला झाला का, त्या वेळी काय करत होता आणि काय प्यायलात, एवढं लिहा. हॉस्पिटलातल्या सिस्टर किंवा डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर मराठी मजकूर राहू दे, पण वेळ आणि मिलीचे आकडे इंग्रजी अंकांत लिहा. कोणालाही वाचता येतात.

अशा एका वहीतलं पान साधारण असं असतं:

पहाटे ५.४०, ३२० मिली, झोपेतून उठल्यावर.
६.३०, ९० मिली, चहानंतर.
७.१५, ७० मिली, गोठ्यात जायच्या आधी.
८.००, ५० मिली, स्टँडवर जायच्या आधी, घाई नव्हती.
९.१०, ६० मिली, घाई.
१०.००, घरी परतल्यावर कडी काढताना कपडा ओला.

आता हे पान वाचू या. पहाटेचा आकडा सांगतो की या मूत्राशयात ३२० मावते. म्हणजे ते लहान झालेलं नाही. सव्वासात आणि आठची फेरी भीतीपोटी झाली, लघवी लागली म्हणून नाही. आणि कडी काढताना ओलं झालं ते झडप सैल म्हणून नव्हे. दार दिसलं, आता पोचलोच असं वाटलं आणि मूत्राशय आधीच मोकळं झालं. नळाच्या पाण्याचा आवाज आला तरी काहींचं असंच होतं. या काकांना ट्रेनिंगचा फायदा होणार हे एका पानावरून कळतं. पहाटेचा आकडासुद्धा शंभराच्याच आसपास असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ती वही घेऊन सर्जनकडे जा.

दिवसा पॅडमध्ये किती गेलं तेही मोजता येतं. कोरड्या पॅडचं वजन करा, मग ओल्याचं करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. कोरडा ३० ग्रॅम आणि ओला ११० ग्रॅम भरला तर ८० मिली गळली. वजनकाटा मात्र स्वयंपाकघरातला घेऊ नका, घरात महाभारत होईल.

वेळ कशी वाढवायची?

वहीतून तुमचं आजचं सहज जमणारं अंतर काढा. समजा एक तास. मग जागेपणी दर तासाला जायचं, लागली असो वा नसो. आधी नाही, नंतरही नाही. तीन-चार दिवस, वाटल्यास आठवडा, हे बिनघोर जमलं की सव्वा तास करा. मग दीड. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटंच वाढवायची. उत्साहाच्या भरात तासावरून थेट दोन तासांवर उडी मारणारे दुसऱ्याच दिवशी ओले होतात आणि ‘हे काही आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. तीन ते चार तासांवर पोचलात की थांबा, त्यापुढे ताणायचं काही कारण नाही. सहा ते बारा आठवडे लागतात. मधे सर्दी-खोकला झाला, जागरण झालं तर एक पायरी खाली या, त्यात काही बिघडत नाही. रात्री घड्याळ लावायचं नाही. झोपेतून जाग आली आणि लागली असेल तर जा.

मोबाइलचा गजर चालतो, पण गजर वाजला की घाई होते अशी सवय लागलेलेही पाहिले आहेत. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघावं.

वेळ व्हायला वीस मिनिटं आहेत आणि जोरात लागली. काय करू?

पळू नका. पळताना पोटाचा दाब झडपेवर येतो आणि तेव्हाच गळते. आहे तिथे थांबा, जमलं तर बसा, कठड्यावर, बाकावर, पायरीवर. झडपेचा स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळा आणि सोडा. तो आवळला की मूत्राशयाला ढिलं पडण्याचा इशारा जातो, ही शरीराची आतली व्यवस्था आहे. श्वास चालू ठेवा. डोकं दुसरीकडे लावा, शंभरावरून उलटे सात-सात कमी करत आकडे मोजा, नाहीतर हरिपाठातला एखादा अभंग मनात म्हणा. घाई चढते, टोक गाठते आणि ओसरते, बहुधा मिनिटभरात. ओसरली की वेळ होईपर्यंत काम करा. वेळ झालीच असेल तर ओसरल्यानंतर, चालत जा. घाईच्या टोकाला असताना निघायचं नाही, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झालं.

तो स्नायू नेमका कुठला? व्यायाम बरोबर होतोय हे कसं कळणार?

विहिरीच्या गार पाण्यात कमरेपर्यंत उतरताना सगळं आपोआप आत-वर ओढलं जातं ना, तेवढंच मुद्दाम करायचं. लिंगाचं मूळ आत ओढून घ्या आणि अंडकोश वर उचला. आरशासमोर उघडं उभं राहून पाहिलं तर लिंग किंचित आत जाताना आणि अंडकोश वर सरकताना दिसतो. तो दिसला की समजा स्नायू सापडला. वायू रोखतो तसंही करायला सांगतात, पण त्यात मागचा भागच जास्त आवळला जातो. तुम्हाला पुढचा हवा आहे.

आमच्याकडचे जुने तालमीतले गडी इथेच चुकतात. व्यायाम म्हटला की छाती फुगवायची, श्वास कोंडायचा, मांड्या आणि कुल्ले दगडासारखे करायचे. हे सगळं ढिलं हवं. पोटावर हात ठेवा, पोट बाहेर ढकललं जात असेल तर उलट दाब पडतोय. चारचौघांत बसून केला तरी कोणाला कळू नये इतका हा व्यायाम गुपचूप असतो.

आवळून पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. सोडणं विसरू नका. असं दहा वेळा, मग दहा झटपट. दिवसातून तीनदा: एकदा पडून, एकदा बसून, एकदा उभ्याने. हळूहळू पाचाचे दहा सेकंद करा. दिवसात तीनशे वेळा केला म्हणून पाचपट फायदा होत नाही, स्नायू दमतो आणि संध्याकाळी जास्तच गळते. चालू लघवी मधेच थांबवून ‘व्यायाम’ करायचा नाही. ओळख पटवायला एखाद्या वेळी ठीक आहे, रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे आधी आवळणं आणि मग हालचाल करणं. खोकायच्या आधी, शिंकायच्या आधी, खाटेवरून उठताना, कळशी उचलताना. आठवून आठवून केलं की पुढे ते आपोआप व्हायला लागतं.

आणि हो, ‘ही बायकांची कसरत’ असं म्हणणारे भेटतात. ही कसरत ज्यांच्या नावाने ओळखतात ते डॉ. कीगल अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि १९४८ मध्ये त्यांनी ती बाळंतपणानंतरच्या गळतीसाठी मांडली, हे खरं. स्नायू दोघांनाही आहे.

पाणी कमी प्यायलं तर लघवीच कमी होईल. त्यात वाईट काय?

ही युक्ती प्रत्येकालाच सुचते. पाणी कमी केलं की लघवी पिवळी, दाट होते आणि ती मूत्राशयाला टोचते, घाई वाढते. वर बद्धकोष्ठ, आणि जंतुसंसर्गाची भीती. दिवसभरात दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पोटात जायलाच हवेत. उन्हात शेतात राबत असाल तर जास्त. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप पाळा. एकदम तांब्याभर ढोसण्यापेक्षा थोडं थोडं प्या.

कापायचा आहे तो चहा. आपल्या भागात पाहुणा आला की चहा, पाहुण्याच्या घरी गेलं की चहा, दुकानात दोन मिनिटं टेकलं की अर्धा कप. आठ-दहा अर्धे कप झाले हे कोणाच्या लक्षातही राहत नाही, वही लिहिली की दिसतं. चहा-कॉफीतल्या कॅफीनने लघवीही वाढते आणि मूत्राशयही चिडतं. एकदम बंद केलं तर डोकं धरतं, म्हणून आठवड्याभरात दोन-तीन कपांवर आणा, शेवटचा चार वाजता. सोडा आणि कोल्ड्रिंकही तसंच. दारूबद्दल वेगळं सांगायला नको. संकेश्वरी मिरचीचा ठेचा आणि तांबडा रस्सा काहींना बाधतो, काहींना नाही. आठवडाभर बंद ठेवून वहीत फरक पडतो का ते बघा, नाही पडला तर खुशाल खा.

“बाबा रात्री चारचारदा उठूलालेत. झोपच होत नाही.”

संध्याकाळी सातनंतर पातळ पदार्थ कमी, झोपायच्या आधीच्या दोन-तीन तासांत घोटभरच. पायांवर सूज असेल तर तेच पाणी आडवं पडल्यावर रक्तात येतं आणि रात्री लघवी होऊन जातं. दुपारी तासभर पाय उशीवर उंच करून पडायला सांगा. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. जून-जुलैत खानापूरकडच्या गारठ्यात लघवी वाढतेच, पाय झाकून झोपवा. खाटेपासून मोरीपर्यंत दिवा लावून ठेवा. या वयात अंधारात घसरून मांडीचं हाड मोडणं हे गळतीपेक्षा कितीतरी महागात पडतं.

शेतात कधी जाऊ? गाडी कधी चालवू?

पहिले सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. खताचं पोतं, उसाची मोळी, पाण्याने भरलेली घागर, काहीच नाही. सायकल, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर याच काळात टाळा. सीट नेमकी टाक्यांच्या जागेवर दाब देते, आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून, रोज थोडं वाढवत. नंतर कामाला लागल्यावर वाकून भात लावणं किंवा ऊस उचलणं यात जास्त गळेल, ते अपेक्षित आहे. आधी आवळा, मग उचला.

कोल्हापूरला तपासणीला जायचंय. बसमध्ये काय करू?

बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. वाटेत संकेश्वर, निपाणीला स्टँड आहेत. तुमचं अंतर दोन तासांवर आलं असेल तर निपाणीला उतरून जाऊन या, कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा. लाजण्यासारखं काही नाही, त्याला रोज कोणी ना कोणी सांगतच असतं. निघण्याआधी एकदा जा. प्रवासापुरती ही सूट ठीक आहे, घरी मात्र ती पुन्हा चालू करू नका. पाणी बंद करून बसू नका, फक्त चहा टाळा. मधल्या वाटेकडची सीट घ्या. एक जास्तीचा पॅड, एक पँट आणि दोन प्लास्टिक पिशव्या सोबत ठेवा. गोव्याकडे जाताना चोर्ला घाटात मधे थांबायला फारसं काही नाही, तेव्हा जांबोटीलाच उरकून घ्या. वारीला पायी जायचं असेल तर ऑपरेशननंतरची पहिली आषाढी घरूनच करावी असं मला वाटतं, पुढच्या वर्षी अडवणार नाही.

पॅड कोणता वापरावा? कपडा चालेल का?

सुरुवातीला डायपर, गळती कमी झाली की पुरुषांसाठीचे लहान पॅड मिळतात ते. लुंगी किंवा धोतराच्या आत पॅड जागेवर राहत नाही. आत घट्ट बसणारी चड्डी घाला, लिंग वर नाही, खालच्या दिशेला ठेवा. सुती कपडा चालतो, पण दर तीन-चार तासांनी बदलायला हवा, धुऊन कडक उन्हात वाळवायला हवा. पावसाळ्यात बेळगावात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा कुबट कपडा जांघेत बसतो आणि खाज, चट्टे सुरू होतात. त्या महिन्यांत पॅडच बरे. जांघ साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलिनचा पातळ थर लावा. टाल्कम पावडर थापू नका, ओली झाली की तिचे गोळे होतात. बाहेरून लिंगावर लावायचा चिमटाही मिळतो, पण तो डॉक्टरांना विचारून, जास्तीत जास्त दोन तासांनी काढून, आणि झोपेत कधीच नाही.

पॅड सोडायची घाई नको, पण पॅड आहे म्हणून मुद्दाम त्यातच सोडून देणंही नको.

लघवी करून आलो, कपडे सारखे केले, की दोन-चार थेंब येतात.

ते लघवीच्या नळीच्या वाकणात साचलेले असतात. लघवी झाल्यावर अंडकोशाच्या मागे बोटं ठेवा, हलका दाब देत पुढे लिंगाच्या दिशेने सरकवा, दोन-तीनदा. थेंब बाहेर पडतील. उपाय एवढाच.

पोट साफ होत नाही, त्याचा याच्याशी काय संबंध?

कुंथताना सगळा जोर त्याच नव्या जोडावर आणि त्याच स्नायूवर येतो. भरलेलं आतडं मूत्राशयाला ढकलतं ते वेगळंच. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, पाणी. तेवढ्याने नाही झालं तर डॉक्टरांकडून सौम्य औषध घ्या, घरचा एनिमा मात्र ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोळी नाही का याच्यावर?

घाईवर आहेत. सॉलिफेनॅसिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन यांनी मूत्राशय शांत होतं, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वय जास्त असेल तर विसराळूपणाही वाढू शकतो. काचबिंदू असेल तर सांगितल्याशिवाय घेऊ नका. मिराबेग्रॉन वेगळ्या तऱ्हेने काम करतं, त्यात बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. या गोळ्या सैल झडप घट्ट करत नाहीत. खोकताना गळणाऱ्याने शेजाऱ्याची गोळी मागून घेतली तर हाती कोरड्या तोंडाशिवाय काही लागत नाही.

सासरे काही बोलतच नाहीत. ओले कपडे स्वतःच धुऊन अंधारात वाळत घालतात. मी सून, मी कसं विचारू?

तुम्ही थेट विचारू नका, त्यांना ते सोसणार नाही. मुलाने किंवा जावयाने विचारावं, किंवा त्यांच्या वयाच्या एखाद्या मित्राने. सासूबाईंना बहुधा सगळं माहीत असतं. तुम्ही एवढं करा: मोरीत झाकणाची बादली ठेवा, पॅडचं पाकीट त्यांच्या कपाटात गुपचूप ठेवून द्या, आणि चहा मागितला नाही तर आग्रह करू नका. लग्नकार्याला यायचं टाळायला लागले, गणपतीतही घरात बसून राहिले, तर ते लाजेपोटी आहे हे ओळखा. झोप उडाली, जेवण तुटलं, नको ते बोलायला लागले तर डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.

पती-पत्नीच्या संबंधांत लघवी येते म्हणतात.

काहींना त्या क्षणी थोडी येते. आधी लघवी करून घ्या. ही लघवी घातक नसते, आणि संबंधातून कॅन्सर लागत नाही. ताठरपणाचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना मोकळेपणी विचारा.

खर्चासाठी कुठली योजना?

कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं जाहीर केलं. तुम्ही उपचार बेळगावात घेता की मिरज-कोल्हापूरला, यावर कुठलं कार्ड चालेल हे अवलंबून असतं. दाखल होण्याआधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा, बिल हातात आल्यावर नाही.

लगेच हॉस्पिटल गाठावं असं कधी?

लघवी पूर्ण बंद झाली आणि ओटीपोट फुगलं तर त्याच रात्री, सकाळची वाट बघायची नाही. गावातल्या कोणालाही नळी घालू देऊ नका, नवा जोड फाटू शकतो. थंडी वाजून ताप, लघवीतून रक्ताच्या गाठी, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, यातलं काहीही असलं तरी लगेच. धार महिन्यागणिक बारीक होत चालली असेल तर जोडाच्या जागी वण आवळतोय अशी शंका घ्यायची. तातडी नाही, पण त्याच आठवड्यात दाखवा.

वर्ष झालं, सगळं केलं, तरी दिवसाला तीन-चार पॅड लागतातच.

मग ट्रेनिंग आणखी ताणण्यात अर्थ नाही, युरोलॉजिस्टकडे पुढचं बोला. गळती कमी-मध्यम असेल तर लघवीच्या नळीला खालून आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात. जास्त असेल तर कृत्रिम झडप. ती १९७० च्या दशकापासून वापरात आहे. नळीभोवती द्रवाने भरलेलं एक कडं, पोटात एक छोटा फुगा आणि अंडकोशात एक बटण. लघवी करायची तेव्हा बटण दाबलं की कडं सैल होतं, आणि एक-दोन मिनिटांत आपोआप पुन्हा आवळतं. बोटांत तेवढी ताकद हवी, म्हणून हाताला कंप किंवा वाताने बोटं वाकलेली असतील तर आधी सांगा. काही वर्षांनी ती बदलावीही लागू शकते. झडप बसवलेल्या माणसाला पुढे कुठल्याही कारणाने नळी घालायची वेळ आली तर आधी झडप बंद करून ठेवावी लागते. म्हणून त्याची चिठ्ठी, कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत लिहून घेतलेली, खिशात आधार कार्डाबरोबर ठेवा.